पश्चिमेची भिंत

एकोणीसशे तीसनंतरच्या एका वैशाखात थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला सोलापूरच्या आमच्या घरी आली. घरात दोनच खोल्या. पुढच्या खोलीत पुरुषांचा राबता, म्हणून तिला मागची मिळाली. त्या खोलीची पश्चिमेची भिंत जुनी, दगडमातीची. दुपारभर तापायची आणि दिवेलागणीनंतर आत धग सोडायची. बाळ झाले आणि त्याच्या अंगावर घामोळे उठले. ते दूध ओढीना.

वडिलांनी भिंतीला बाहेरून पांघरूण घालायचे ठरवले. कुंभारीहून मामांनी कडब्याची गाडी पाठवली. भिंतीपासून वीतभर अंतर सोडून वडिलांनी आणि मी तुराट्यांचा कूड, म्हणजे तुरीच्या काटक्यांची भिंत, बांधला, मधल्या पोकळीत कडबा ठासला आणि वरून पांढरी माती, भुसकट व शेण यांचा जाड गिलावा दिला. भिंतीत लहान खिडकी होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून ती बंदच असे. वडिलांनी कूड त्या खिडकीवरूनच नेला.

भिंत गार झाली. खोली होईना.

बाजेखाली शेगडी होती. बाळंतिणीला शेक हवा, यात आईला तडजोड नव्हती. दोन्ही वेळा निखारे आणि त्यावर ओवा, बाळंतशेप यांची धुरी. पूर्वी ही ऊब खिडकीच्या फटींतून थोडी तरी बाहेर जाई. आता तिला वाट नव्हती. उन्हासाठी घातलेले पांघरूण आता शेगडीची धग आत कोंडून ठेवत होते.

"आई, शेगडी काढ की," बहीण म्हणाली.

"काढायची न्हाय. आता वारं शिरलं की म्हातारपणी हाडं दुखत्यात."

"म्हातारी होऊ तर दे. हितं रताळं भाजतंय माझं."

"तुझ्या येळंला हीच शेगडी हुती. मेले का मी?"

"तवा खिडकी हुती, आई."

वडील दाराबाहेर उभे होते. "कूड आता सोडता येत न्हाय," ते म्हणाले. "गिलावा ओला हाय. सगळा खाली येईल."

आई आणि वडील दोघेही बाळासाठीच बोलत होते. बहिणीला बाळंतपणाचे सोयर फिटेपर्यंत उंबरा ओलांडता येत नव्हता.

एका दुपारी आई धुणे घेऊन गेली. मी मागच्या अंगणात होतो. ओल्या गिलाव्याचा एक लगदा खाली पडला. मग उलथन्याचे टोक बाहेर आले, आणि पाठोपाठ बहिणीची दोन बोटे. तिने आतून खिडकी उघडून मुठीमुठीने कडबा उपसला होता.

त्या संध्याकाळी बाळ दूध प्याले. आईने ते पाहिले, कडब्याचा ढीग पाहिला, आणि जुन्या लुगड्याचा बोळा करून भोकात कोंबला. सकाळी बहिणीने तो काढला. पुढे रोज हेच चालले. शेगडी बाजेखालीच राहिली.

गिलावा वाळल्यावर वडिलांनी ओल्या मातीचा गोळा घेतला आणि भोकाभोवती नीट काठ करून दिला. भोक त्यांनी मोठे केले नाही.