दस्तगीरच्या तक्त्यातली ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगायला बसलो की आधी त्या साखर कारखान्याच्या सुपरिंटेंडेंटचा रागच येतो — मी सातवी नापास म्हणून त्यानं मला तासभर व्हरांड्यात उभं केलं होतं. पण राग त्याच्यावर होता ना? मग मार दुसऱ्यानं का खाल्ला?

ऐंशीचं दशक संपत आलेलं. कोल्हापुरात, मंगळवार पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी कॉम्प्युटरची कामं करायचो. कारखान्याच्या कामगारांची माहिती जुन्या कोबोल फायलींतून नव्या डेटाबेसमध्ये न्यायची होती. कारखानेवाले त्याला महिन्याची मुदत देत होते. मीच घासाघीस करून पंधरा दिवसांवर आणलं. त्या सुपरिंटेंडेंटला दाखवून द्यायचं होतं.

जुनं कुठलं फील्ड नव्या कुठल्या रकान्यात जाणार, याचा तक्ता दस्तगीर हातानं लिहायचा. तो माझा एकुलता एक प्रोग्रॅमर. हे काम झालं की कारखाना त्याला नोकरीत घेणार होता — तसा शब्दच मिळाला होता. एका ओळीवर तो अडला.

"मालक, हितं दोन तारखा हाईत. पयल्या हंगामाला आला ती, आन् कायम झाला ती. नव्यात रुजू तारीख एकच हाय. इचारून या की."

"त्या सुपरिंटेंडेंटच्या दारात? मेलो तरी न्हाय. दुसरी घाल."

त्यानं घातली. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं — मालकांनी सांगितल्याप्रमाणे.

त्या रुजू तारखेवरून सेवाज्येष्ठतेची यादी लागली. बारा-बारा हंगाम राबलेली माणसं थेट कायम लागलेल्या पोरांच्या खाली गेली. फाटकावर कामगार जमले. तक्ता आणि दस्तगीरला घेऊन या, असा मला सुपरिंटेंडेंटचा निरोप आला. आणि मी — कसं सांगू? — खोडरबर घेतला. पेन्सिलीची ती ओळ खोडली. नीट जाईना, म्हणून परत खोडली.

सुपरिंटेंडेंटनं तक्ता टेबलावर पसरला. "अक्षर कुणाचं?"

दस्तगीर वाकला. त्याची ओळ शोधत होता. कागद खरखरीत झालेल्या जागेवर त्याचा अंगठा थांबला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खिडकीबाहेर.

"माझंच हाय, सायेब."

यादी आठवड्यात दुरुस्त झाली. दस्तगीरची कारखान्यातली ठरलेली नोकरी मात्र गेली ती गेलीच. माझ्याकडलं काम सोडून तो भावाच्या दुकानात सायकलींची पंक्चरं काढू लागला. मला कारखान्यानं पुढचं काम दिलं.

ते मी घेतलं.