पेशंटला भेटायला आलेली माणसं

आमच्या कामात किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडीच्या डिकीत बॅनर, मास्कची खोकी आणि साबणाच्या बाटल्यांसोबत ते आपोआप साठत जातात. संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढताच एखादा तोंडातून बाहेर पडतो. घरचे आता ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते.

काम तसं साधं आहे. उद्या फ्लूची मोठी साथ आली तर सातारा-सांगलीकडच्या आरोग्य केंद्रांनी काय करायचं, त्याची तयारी आत्ताच करून घ्यायची. तापाच्या पेशंटसाठी वेगळी खोली, मास्क, निरोप पोचवायची साखळी आणि शेवटी मॉक ड्रिल, म्हणजे एक खोटा पेशंट आणून सगळ्यांची रंगीत तालीम. संस्थेतर्फे आम्ही दोघं फिरतो. जाधव डॉक्टर सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, आणि मी नर्सिंग शिकवून शिकवून घसा बसलेली. कोरोनानंतर ‘साथ’ हा शब्द कुणालाच ऐकायचा नाहीये. आम्ही दारात दिसलो की लोक आधी उसासा टाकतात आणि मग बसा म्हणतात.

आणि खरं सांगायचं तर आम्हाला प्रत्येक ठिकाणी हरवते ती एकच गोष्ट. आपल्याकडे माणूस दवाखान्यात पडला की लोक भेटायला येतात. किती फलक लावा, किती दोऱ्या बांधा, येतातच. एवढ्या फिरतीत भेटायला न आलेला मी एकच माणूस ऐकला. त्याचं शेवटी सांगते.

*

सांगलीजवळचं एक केंद्र. तिथले मेडिकल ऑफिसर तरुण, पण चेहरा दहा वर्षं झोप न झाल्यासारखा. आम्ही बॅनर उलगडला. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, साथ आली का?

मी म्हटलं, अजून नाही.

“मग आल्यावर या ना मॅडम.”

आम्ही मुकाट्यानं बॅनर गुंडाळला. गाडीपर्यंत पोचलो तर ते मागून धावत आले. माणूस भला आहे, वाईट वाटलं असेल, असं मला वाटलं.

“मॅडम, आल्यावर मात्र येऊ नका हं. तेव्हा आम्हाला वेळ नसतो.”

*

वेगळ्या खोलीचा आमचा फार आग्रह. खोली रिकामी हवी, खिडकी हवी, दार बंद होणारं हवं. सरकारी इमारतीत रिकामी खोली मागणं म्हणजे काय, हे ज्याने मागितली त्यालाच कळेल.

नदीकाठच्या एका केंद्रानं फोनवर छातीठोकपणे सांगितलं की खोली तयार आहे. गेलो. कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई मेहुण्याच्या साखरपुड्याला. तो आला, पोटभर जेवून आला, कुलूप उघडलं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. एका भिंतीला महापुरानंतर आलेली लाइफ जॅकेटं, नारिंगी, छतापर्यंत. दुसऱ्या भिंतीला कोरोनातले पांढरे सूट आणि फेसशील्ड. मधे एक मोडका पाळणा.

तिथल्या सिस्टर अजिबात ओशाळल्या नाहीत. त्यांनी हात करून नीट ओळख करून दिली. “हे पुराचं, हे कोरोनाचं. तुमच्या फ्लूचं कुठं ठेवू?”

जाधव डॉक्टर पाळण्यावर बसले. खरंच बसले, मोडका होता तरी. मला हसावं की रडावं कळेना, कारण बाईंचं काही चुकत नव्हतं.

*

साताऱ्यातलं ट्रेनिंग. हॉलमध्ये सगळ्या सिस्टर आणि आशाताई. जाधव डॉक्टर रंगात आले की थांबत नाहीत. त्या दिवशी विषय होता, एकाच्या तोंडचं दुसऱ्याच्या तोंडी जाता कामा नये. पेला वेगळा, चमचा वेगळा, टॉवेल वेगळा. बायका माना डोलवत होत्या.

मग चहा आला. कप नेहमीप्रमाणे कमी पडले आणि माझ्या वाट्याला काही आलं नाही. डॉक्टर दोन घोट घेतलेले. माणूस जुन्या वळणाचा, समोर बाई कोरडी बसलेली त्यांना बघवेना. कपातला अर्धा चहा त्यांनी बशीत ओतला आणि बशी माझ्याकडे सरकवली. घ्या हो मॅडम, मला एवढा लागत नाही.

आणि मी तो प्यायले. सवय कुठं जाते? बशी खाली ठेवली तर सगळा हॉल आमच्याकडे बघत होता. मागच्या रांगेतल्या एका आशाताईंनी हात वर केला.

“सर, ह्याला अंतर किती ठेवायचं?”

*

कुपवाडला कारखान्यांत गेलो होतो. ताप असेल तर कामावर येऊ नका, घरी थांबा, असं शिफ्ट सुटताना गेटवर सांगायचं. कामगार गाड्यांना किक मारता मारता ऐकत होते. एकजण म्हणाला, आम्हाला काय सांगताय, आमच्या शेठना सांगा. मुद्दा बरोबर होता.

शेठच्या केबिनमध्ये गेलो. शेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नाक लाल, डोळ्यांतून पाणी, गळ्याला मफलर, टेबलावर विक्सची डबी.

“मॅडम, तुमचं पटतंय हो. पण माणसं ऐकत नाहीत. आता मलाच बघा, तीन दिवस ताप आहे, पण आलोय का नाही?”

आणि त्यांनी उठून आम्हा दोघांशी अगदी मनापासून हस्तांदोलन केलं. त्या आठवड्यातली पुढची सगळी ट्रेनिंगं रद्द करावी लागली. दोघंही अंथरुणात होतो.

*

आता वडूजकडचं सांगते. तिकडं माळावर एक केंद्र आहे. चार झाडं, पाण्याची टाकी आणि मालन सिस्टर. नोकरी संपत आलेली, आवाज असा की फाटकावरून बोलल्या तर मागच्या शिवारात ऐकू जाईल. खोली त्यांनी खरोखर रिकामी ठेवली होती. मी त्या खोलीत नुसतीच जरा वेळ उभी राहिले, इतकं बरं वाटलं.

ड्रिलसाठी खोटा पेशंट म्हणून त्यांनी गावातल्या तात्यांना तयार केलं. तात्या रिटायर हवालदार, सत्तरीचे, मिशा अजून फौजेतल्याच. मी त्यांना समजावलं की कॉटवर पडायचं, आणि कुणी जवळ आलं की खोकायचं, तोंडावर कोपर धरून. कोपर कसं धरायचं तेही करून दाखवलं.

“पडतू म्हणाल तेवढा येळ,” तात्या म्हणाले. “पण खोटं खोकायचं आपल्याला जमायचं न्हाई.”

डॉक्टरांनी विनवलं, मी विनवलं. तात्या चादरीखाली सावधानमध्ये पडून राहिले. इतका तब्येतीत असलेला पेशंट मी आयुष्यात पाहिला नव्हता.

ड्रिल सुरू झाली आणि थोड्या वेळात लोक यायला लागले. हातात केळी, बिस्किटाचे पुडे, शहाळी. माळावर शहाळं आणलं कुठून कोण जाणे. दोरी ओलांडून, मालन सिस्टरना ओलांडून, सगळे थेट कॉटवर तात्यांच्या पायाशी. डॉक्टर ओरडायला लागले, अहो तात्यांना काही झालेलं नाही, हे खोटं आहे!

मेंढरं मागं लेकाकडं सोपवून आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी त्यांना समजुतीनं सांगितलं. “खोटं का असंना, दवाखान्यात पडल्यात नव्हं? भेटाय नगं व्हय?”

ड्रिल नापास. वर पाठवायच्या कागदावर डॉक्टरांनी तसं लिहिलं, आणि केळी खाल्ली.

निघताना मालन सिस्टर गाडीपाशी आल्या. सगळा गाव आला, म्हणाल्या, फक्त संज्या न्हाई आला. संज्या म्हणजे तात्यांचा एकुलता मुलगा, कुपवाडला वर्कशॉपमध्ये असतो. कोरोनात त्याची आई गेली तेव्हा त्याची गल्ली पत्रे ठोकून बंद केलेली होती. तात्यांनी दोन परक्या माणसांबरोबर सगळं उरकलं. पत्रे निघाल्यावर पोरानं फोन केला, की निघतो. तात्या रागात बोलून गेले, आता काय बघाय येतूस, येऊ नगंस. पोरानं ते ऑर्डरसारखं धरलं. तेव्हापासून घराची पायरी चढलेला नाही, आणि तात्यांना ऑर्डर मागं घेता येत नाही.

“रोज संध्याकाळच्या एस्टीला फाट्यावर जाऊन बसत्यात,” सिस्टर म्हणाल्या. “कुनी इचारलं तर म्हनत्यात, हवा खातोय.”

मला फार वाईट वाटलं. आणि आम्ही गावोगाव ‘भेटायला जाऊ नका’ असं सांगत फिरतो, याचाही त्या दिवशी वीट आला.

*

वडूजकडच्याच पुढच्या ड्रिलआधी आम्ही शहाणे झालो. भेटायला येऊ नका म्हणणं सोडून दिलं. त्याऐवजी भेटा, पण खिडकीबाहेर उभं राहून भेटा, असं ठरवलं. शिवाय निरोपाची साखळी तपासायची होती. मी आशाताईंना मेसेज पाठवला: ‘सराव. तापाचा एक पेशंट वेगळ्या खोलीत ठेवला आहे.’ त्यांनी तो पुढे पाठवायचा, त्यांनी आणखी पुढे.

जेवायच्या आधीच मिरजेहून सासूबाईंचा फोन. “अगं, वडूजला साथ आली म्हणे. माणसं खोलीत कोंडून ठेवलीत. तू कुठंयस? तिकडं फिरकू नकोस.”

मी म्हटलं, आई, तो मेसेज मीच पाठवलाय, तो सराव आहे.

“ते तुला कुणी सांगितलं?” सासूबाई म्हणाल्या. ‘सराव’ हा शब्द वाटेत कुठं गळून पडला, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

*

त्याच दिवशीचं पुढचं सांगते. खोटा पेशंट तात्याच होते. दुसरं कुणी पडायला तयार नव्हतं. खोकणार नाही, ही अट कायम. गाव आलं, पण या खेपेला मालन सिस्टर दारातच उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना खिडकीकडं पाठवलं. लोक रांगेत येत, खिडकीतून हात करत, केळी कट्ट्यावर ठेवत आणि बाजूला होत. तात्या सलाम घेतल्यासारखी मान हलवत पडलेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक ड्रिल पास होणार होती. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यांनी ऊन लागतंय म्हणून सांगितलं. ड्रिल संपली की वाजवायची शिट्टी माझ्या गळ्यात होती.

तेवढ्यात तात्यांचा पुतण्या अंगणातून धावत आला. संज्याला कुपवाडला तो मेसेज पोचला होता, वाटेत कुणीतरी त्यात तात्यांचं नावही घातलं होतं. तात्याला खोलीत कोंडलंय एवढंच त्याला कळलं आणि तो गाडीला किक मारून निघाला. विट्यात कुणीतरी त्याला बघितलं होतं, आता येईलच. पुतण्या त्याला सराव आहे म्हणून सांगायला सारखा फोन करत होता, पण गाडीवर असल्यावर तो फोन उचलत नाही.

डॉक्टर घाबरलेच. ताबडतोब संपवा हे, म्हणाले, पोरगं बिचारं काय मनात घेऊन येत असेल. ते खिडकीपाशी गेले आणि तात्यांना म्हणाले, उठा तात्या, झालं आपलं, संजय येतोय.

खिडकी उघडी होती, तात्यांनी सगळं ऐकलं होतं. ते उठले नाहीत.

“पडतू अजून जरा,” ते म्हणाले. “पाठ धरलीया.”

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी शिट्टी हातात घेतली आणि नुसतीच धरून उभी राहिले. मालन सिस्टर आतल्या आत काहीतरी पुटपुटत चादरीची सुरकुती सारखी करून आल्या. अंगणातलं कुणीही घरी गेलं नाही.

गाडी थेट आवारात आली. पोरगा कसला, मिशीत पांढरे केस आलेला माणूस होता, अंगावर वर्कशॉपचा तेलकट शर्ट, डोक्यावर हेल्मेट तसंच. तो दाराकडं धावला. मालन सिस्टरनी त्याला अडवलं, हातात मास्क दिला आणि खिडकी दाखवली. हेल्मेट काढून तो खिडकीशी येऊन उभा राहिला.

“तात्या,” तो म्हणाला. “येऊ का?”

तात्यांनी छताकडं बघितलं. मग त्यांनी हळूहळू कोपर तोंडाशी नेलं, अगदी आम्ही शिकवलं होतं तसं, आणि खोकले.