बर्फातला मासा

माझी मावशी विवळवेढ्याजवळ हायवेला खानावळ चालवते. मासे किनाऱ्यावरच्या आगरहून ती स्वतः जाऊन आणते, आणि गिऱ्हाईक बाकावर टेकलं की न विचारता सांगून टाकते: आज बोंबील घ्या, सुरमई नको, ती कालची आहे. आमच्या घरी असंच वाढतात. पाहुण्याला काय घ्यायचं नाही हे आधी सांगायचं, नाहीतर वाढणाऱ्या बाईलाच नावं ठेवतात. मावशीने घरची सवय खानावळीत आणली आणि वर्षानुवर्षं लोक तिच्या शब्दावर जेवत आले.

यंदा पावसाळ्यात मासेमारी बंद असताना मुंबईकडून एक गाडी आली. नवराबायकोने मासळीची थाळी मागितली. मावशी नेहमीप्रमाणे म्हणाली, "सध्या बंदी आहे, मासा बर्फातला आहे. त्यापेक्षा वालाची आमटी घ्या, आत्ताच केलीय."

त्यांनी आमटी घेतली, भाकरी मागून मागून खाल्ली, जाताना छान होतं म्हणाले. संध्याकाळी मोबाइलवर खानावळीला त्यांचा एक स्टार आला. खाली लिहिलं होतं, "मालकीणच सांगते की मासा ताजा नाही. इथे थांबू नका."

मी तलासरीला नोकरी करते आणि मला मोबाइलमधलं सगळं कळतं अशी घरच्यांची समजूत आहे, म्हणून हे प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. ते वाचून माझा तिळपापड झाला. मी मोबाइलवरूनच कंपनीकडे तक्रार केली. उत्तर आलं की या अभिप्रायात नियमाविरुद्ध काही नाही. तेही बरोबरच होतं म्हणा. मावशीला वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मी बोलली तेच लिहिलंय ना त्याने? मग खोटं काय?"



मग मी घरच्यांना कामाला लावलं. मामा, माम्या, मावसभावंडं, सगळ्यांनी मावशीकडे जमून मनापासून लिहिलं. दोन दिवसांत ते सगळं गायब. एकाच ठिकाणाहून एकदम आलेलं, म्हणून संशयास्पद. जन्मभर तिच्या हातचं खाल्लेली माणसं संशयास्पद ठरली आणि एक दिवस आमटी ओरपून गेलेला माणूस खरा ठरला. त्या एक स्टारला कोणी हात लावला नाही.

त्यानंतर खानावळीपुढे येऊन गाड्या हळू व्हायच्या, आतलं कोणीतरी मोबाइल बघायचं, आणि गाडी पुढच्या ढाब्याकडे निघून जायची. मावशी दारातून ते बघत उभी राहायची. संध्याकाळी भाताचं पातेलं भरलेलंच घरी परत यायचं. खानावळ बंद करावी लागेल, असं ती मला एकदा सहज बोलावं तसं बोलली. पण माझ्या हातात होतंच काय?

परवा रविवारी मी तिच्याकडे गेले. बंदी अजून उठली नव्हती, येताना मी आगरवरून वळसा घेतला होता, तिथे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्याच होत्या. मी बसते तोवर गुजरातकडून आलेलं एक कुटुंब उतरलं. त्यातल्या बाईने विचारलं, मासा ताजा आहे ना? मावशीने पदराला हात पुसले आणि खाली बघत म्हणाली, "हो, ताजाच आहे."

ती माणसं खूश होऊन जेवली. गाडीत बसायच्या आधीच त्यांनी पाच स्टार दिले, वर लिहिलं की मासा अगदी ताजा, मालकीण विश्वासाची. मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती माझं ताट वाढायला लागली.

लहानपणापासून विचारते तसं मी विचारलं, "मावशी, आज काय घेऊ?"

तिचा हात जरा थांबला. मग तिने सुरमईचा तुकडा माझ्या ताटात ठेवला.

"सगळंच ताजं आहे," ती म्हणाली.

मी मान खाली घातली आणि जेवले.