पात त्याच्या नावाची

प्रार्थना आपल्याला उत्तम येते, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते. माझे वडील नगरला उपदेशक होते. आधी स्तुती, मग उपकार, मग पापांची कबुली आणि सर्वांत शेवटी मागणं, अशी शिस्त त्यांनी आम्हा भावंडांना लावली होती. उपासनेत माझी पाळी आली की बायका कान देऊन ऐकत, आणि त्या ऐकताहेत हे मला चांगलं ठाऊक असे.

लग्न होऊन मी देवळाली प्रवरेजवळच्या एका खेड्यात आले आणि तिथल्या मिशनच्या शाळेत शिकवू लागले. सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी दिवा लागला की घरची प्रार्थना होई. तिच्यात त्या देवाला शेळी व्यायल्याचं, विहिरीचं पाणी वाढल्याचं, शेजारणीचा दात दुखत असल्याचं सगळं सांगत बसत. मला हसू यायचं आणि रागही. मी पडले मास्तरीण! एकदा त्यांना सांगितलं की देवापुढं शेळ्यांचा पाढा वाचू नये, आणि वडिलांची शिस्त समजावून दिली. त्यांनी दोन दिवस खटपट केली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की तूच करत जा, तुला येतंय. त्यानंतर त्या नुसतं आमेन म्हणत. माझं काही चुकलं असं मला वाटलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते.

मग यजमान फौजेत भरती होऊन ब्रह्मदेशाच्या बाजूला गेले. दीडेक महिन्यानं त्यांचं पत्र यायचं, ते एकाएकी थांबलं. आधी मी टपालखात्याला नावं ठेवली. चार महिने झाले तेव्हा नावं ठेवायलाही कुणी उरलं नाही. मी गुडघे टेकून "हे दयाळू पित्या, तुझ्या सेवकाला सुखरूप राख" म्हणे, आणि म्हणता म्हणता मनात शाळेची हजेरी घेत असे. तासाभरानं उठले तरी कुणाशी बोलल्यासारखं वाटत नसे. ते जिवंत आहेत की नाहीत हे मला माहीत नव्हतं, आणि ज्याला माहीत होतं त्याच्याशी माझं बोलणंच तुटलं होतं.

श्रावणातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी सासूबाईंबरोबर घरची बाजरी खुरपायला गेले. पावसानं उघडीप दिली होती. खुरपताना प्रत्येकीनं शेताचा एक पट्टा धरून या बांधापासून त्या बांधापर्यंत जायचं. त्या पट्ट्याला पात म्हणतात. सासूबाई माझ्या बऱ्याच पुढं गेल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. गाणं म्हणत असतील असं वाटलं. जवळ गेल्यावर ऐकू आलं: त्या आपल्या लेकाचं नाव घेत होत्या. खुरप्याचा एक हात मारायचा, एकदा नाव घ्यायचं.

मी विचारलं तेव्हा त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं, की रान कुणाचंही असो, त्या एकेक पात एकेकाच्या नावानं धरतात. आताची लेकाची होती.

"पण मागता काय, आत्याबाई?"

"मागत न्हाई काई. नाव घेते. देवाला समदं ठावं हाय, मी काय सांगनार?" मग त्यांनी शेजारच्या, खुरपून झालेल्या पट्ट्याकडं हात केला. "ती तुझी झाली. तू घरात आल्यापास्नं रोज एक तुझी आसती."

जिची प्रार्थना मी बंद पाडली, ती बाई चार वर्षं मला तणागणिक देवापुढं नेत होती. पवित्र जागेत चपला घालून शिरल्यावर वाटते तशी भीती मला वाटली. आम्हा दोघींखेरीज त्या बाजरीत आणखी कुणीतरी आहे असं इतकं स्पष्ट जाणवलं, की मी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला प्रार्थना जमेनाशी झाली आहे, हे मी त्यांना तेव्हा सांगून टाकलं. त्यांनी पुढची पात दाखवली. "ही बी त्याचीच धर. नाव घे."

तिथंच घोडं अडलं. लग्नातल्या उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नव्हतं. आमच्यात कुणीच बाई घेत नसे. ख्रिस्ती झालो तरी ती रीत सुटली नव्हती. देवापुढंसुद्धा माझा आपला "तुझा सेवक". चार महिने ज्यांच्यासाठी गुडघे झिजवले, त्यांचं नावही मी देवाला सांगितलं नव्हतं. आणि आता ते घ्यायचं, तेही सासूच्या देखत!

"देवाफुडं कसली लाज?" त्या म्हणाल्या. "मी बहिरी हाय आसं समज."

त्यानंतरही पाच महिने पत्र आलं नाही. पुढं ते आलं, यजमानही आले. पण त्या दुपारी मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी खुरपं मातीत घातलं. नाव दोनदा ओठांशी येऊन परत गेलं, तिसऱ्यांदा बाहेर पडलं. मग प्रत्येक तणाला पडत राहिलं. अर्ध्या पातीत मी रडत होते, आणि माझं ऐकलं जातंय याची मला तिळमात्र शंका नव्हती.

बांधाला पोचले तेव्हा सासूबाई खुरपं ठेवून उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर मातीचा हात ठेवला.

"इतके दिस त्याच्यासाठी मी येकलीच हुते," त्या म्हणाल्या.