सगळ्यात जड ट्रिगर

दुकानदाराने रिव्हॉल्वर माझ्या तळहातावर ठेवलं आणि मी घाबरलो. ते रिकामं होतं. त्याने माझ्यासमोरच गोळ्यांची चक्री बाहेर काढून भोकं दाखवली होती आणि मगच परत बसवली होती. तरी माझे हात गार पडले.

माझं डोकं लवकर फिरतं. आमच्या अंजूर गावात हे कुणाला सांगावं लागत नाही. बीपी वाढलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, मन रमेल असं काहीतरी शोधा. एका मित्राने नेमबाजीच्या क्लबात नेलं आणि मी तिथे रमलो. श्वास घ्यायचा, अर्धा सोडायचा, समोरच्या कागदावर नजर लावायची. तेवढा वेळ मला कुणाचाच राग येत नाही. दोन वर्षं क्लबाचीच बंदूक वापरली. मग वाटलं, आपली स्वतःची असावी. लायसन्सचा अर्ज केला आणि तो मंजूर होण्याआधीच हातात काय बसतं ते बघायला मुंबईतल्या या दुकानात आलो.

शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, पॉइंट बावीसच घ्या. गोळी लहान, धक्का कमी. आणि डबल अॅक्शन घ्या. म्हणजे घोडा, ती मागची हातोडी, अंगठ्याने मागे ओढायची गरज नाही. नुसता ट्रिगर दाबत गेलं की घोडा आपोआप मागे जातो, चक्री फिरते आणि घोडा सुटतो. सर म्हणाले, दाब लांब आणि जड असतो, हात स्थिर ठेवायला चांगलं शिकाल.

मी भिंतीकडे तोंड करून ट्रिगर दाबला. चक्री फिरली, टक् आवाज आला. सगळं मिळून बोटाचा अर्धा इंच.

तेव्हा मला ती वीस पावलं आठवली.

माझं आणि धाकट्या भावाचं घर समोरासमोर आहे, मध्ये वीस पावलांचं अंगण. वडिलांच्या शेतावर आता दोघांची गोदामं आहेत आणि दोन्हींच्या मधल्या गटारावरून आमचं वाजलं होतं. गेल्या वर्षी एका दुपारी तो काहीतरी बोलला, काय ते आता धड आठवतही नाही. मी कोनाड्यातला कोयता उचलला आणि निघालो. पहिली दहा पावलं मी खरंच त्याला मारायला निघालो होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पंधराव्या पावलाला बायकोने मागून सदरा धरला. अठराव्याला मला तुळशीशेजारी ठेवलेल्या त्याच्या पोरींच्या चपला दिसल्या. विसाव्याला मी त्याच्या उंबऱ्यापाशी उभा होतो आणि हातातलं काय करायचं ते कळत नव्हतं. मी वाकून उगाच गवत कापायला लागलो. कोणी हसलं नाही.

दुकानदार म्हणाला, "कसं वाटलं, साहेब?"

मी विचारलं, "सगळ्यात जड ट्रिगर कुठल्याचा आहे?"

त्याला वाटलं मी चुकून बोललो. "गिऱ्हाईक हलका मागतं साहेब. आपको भारी क्यों चाहिए?"

मी म्हटलं, "दाखवा तर." त्याने दुसरं काढलं, तेही मी दाबून पाहिलं. जड होतं, बोट दुखलं, पण मला थांबवायला वीस पावलांइतकं जड नव्हतं. मूर्खासारखा मी तिसरंही मागितलं. शेवटी त्यातल्या त्यात जड होतं ते पसंत केलं, लायसन्स आलं की येतो म्हणालो आणि घामाने चिंब होऊन बाहेर पडलो. घरी बायकोने विचारलं, "अहो, मिळालं का मनासारखं?" मी हो म्हणालो.

आठवड्याने लायसन्सच्या चौकशीला हवालदार आला. शेजाऱ्याचा जबाब लागतो म्हणाला. शेजारी म्हणजे भाऊच. वर्षभर बोलणं नव्हतं, तरी हवालदाराने हाक मारल्यावर तो आला आणि आमच्या ओटीवर उभा राहिला. मला खात्री होती, हा नाही म्हणणार. खरं सांगतो, त्याने नाही म्हणावं असं मला आतून फार वाटत होतं. म्हणजे माझी सुटका झाली असती.

ओटीच्या भिंतीवर मी माझे नेमबाजीचे कागद लावले होते, मधोमध भोकांची दाटी झालेले. हौसेने लावले होते. ते बरोबर त्याच्या दाराकडे तोंड करून आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तो रोज सकाळी दार उघडून तेच बघत होता.

हवालदाराने विचारलं, "यांचा स्वभाव कसा आहे?"

भाऊ कागदांकडे बघत म्हणाला, "चांगला हाय. माझी कायव हरकत न्हाय." मग त्याने सही केली.

हवालदाराची मोटारसायकल गेली. भाऊ पायरी उतरला आणि थांबला. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"दादा, मी सही केली. आता माझ्या पोरींवर राग धरू नको."

लहानपणी रात्री बाहेर जायला हा मला उठवायचा, कारण त्याला अंधाराची भीती वाटायची. आता त्याला माझी वाटत होती. आणि मला दुकानात जे वाटलं, तेच त्याला वर्षभर रोज वाटत होतं.

मी आधी ते कागद काढले. मग चप्पल घातली, हवालदाराच्या मागोमाग रिक्षाने चौकीवर गेलो आणि अर्ज मागे घेतो असं लिहून दिलं. त्याने कारण विचारलं. मी लिहिलं, घरगुती.

आता क्लबाचीच बंदूक वापरतो आणि ती तिथेच ठेवून येतो. परत आल्यावर अंगण ओलांडून भावाच्या दारात जातो. मी दिसलो की त्याची बायको अजून पोरींना आत बोलावते. मी दोन्ही रिकामे हात पुढे धरून पायरीखालीच उभा राहतो.