जावयाने चूल ताब्यात घेतली तेव्हा...

आमच्या धुळ्याच्या घरात एकदा जावयाने चूल ताब्यात घेतली होती... आज वांगी भाजताना एकदम आठवलं, म्हणून लिहितेय.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. थोरली अक्का नुकतीच रावेरकडच्या एका गावात दिली होती. पहिल्या माहेरपणानंतर तिला न्यायला भाऊजी आले, येताना पिशवीभर हिरवी वांगी घेऊन.

आईने आदल्या संध्याकाळी हौसेने पुरणाचे मांडे केले होते. भाऊजींनी बेताचेच खाल्ले... आईच्या मनात ते राहिलं असावं.

सकाळी ती वांगी भाजायला बसली, तर भाऊजी स्वयंपाकघरात हजर! "मामी, तुम्ही उठा, हे काम माह्यावर सोडा," म्हणाले आणि बाह्या सरसावून चुलीपुढे बसलेसुद्धा.

आई उठली, पण तिचं तोंड एवढंसं झालं. आमच्याकडे पुरुषमाणूस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे, आणि हा तर जावई. मागच्या दारी जाऊन ती नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, म्हणाली, "मन्हा हातनं जेवन गोड नही लागनं व्हई... मन्ही पोरले आते ह्या नेतीन का?" आणि जावई आता लेकीला न नेताच परततील या धास्तीने पदर डोळ्यांना लावला.

अक्का आतल्या खोलीत. नवी नवरी, वडीलधाऱ्यांपुढे नवऱ्याबद्दल बोलणार कशी?

शेवटी नानाच उंबऱ्याशी उभे राहिले. "पाव्हना, आमनं काही चुकनं का?"

भाऊजी हातात सोललेलं वांगं धरून बघतच राहिले. "चुकलं काय मामा? आमच्या गावात भरीत गडीमाणसंच करता. शेतात पन अन् लग्नात पन. अन् हे तं घरचंच घर हाये..."

आईने हे दाराआडून ऐकलं. जी गोष्ट तिला अपमान वाटत होती, ती या माणसाची माया होती. तिला हसू आलं आणि रडूही. मलाही इतकं हायसं वाटलं की काय सांगू...

पण मला भारीच कुतूहल. मी विचारलं, "मग भाकरीपण तुम्हीच करता?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय अशा नजरेने त्यांनी पाहिलं. "भाकरी? ते बायांचं काम." आणि हंडा हाताशी असताना पाण्यासाठी अक्काला हाक मारली...

म्हणजे भाऊजी काही सुधारक नव्हते. त्यांनी लहानपणापासून जे पाहिलं ते केलं, नानांनी जे पाहिलं ते केलं. दोघांचीही खात्री, की पुरुषाने असंच वागायचं असतं. मजा आहे ना?

नाना मात्र उंबऱ्यावरून हलेनात. मग टोपी काढून खुंटीला अडकवली, आत आले आणि भाऊजींच्या शेजारी लसूण सोलायला बसले. काय ते सोलणं... अर्धी पाकळी सालाबरोबरच जात होती.

आई बघत होती. हळूच म्हणाली, "इतला दिन कथा व्हतात?" म्हणजे, इतके दिवस कुठे होतात?

नाना मान खाली घालूनच म्हणाले, "तू कव्हय बलायंच नही." तू कधी बोलावलंच नाहीस.

त्या दिवसापासून मी कुणालाही 'त्याचा स्वभावच तसा' म्हणायच्या आधी थांबते. त्याला आजवर कुणी बोलावलं होतं का, ते आधी विचारते...