भोंगेवाले भावोजी

कुणाचीही मोटरसायकल उभी दिसली की आमचे शेजारी तिला एका बोटाने किंचित ढकलायचे आणि विचारायचे, "काय गो, जागी हायस ना?" तुमच्याही आळीत असा एखादा असेल, नसेल तर तुमचं नशीब.

मी त्यांना भावोजी म्हणायचे. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात ते जळलेल्या पंपांना नवी तार भरायचे. माझे यजमान बोटीवर. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जाताना नवीकोरी मोटरसायकल अंगणात लावून म्हणाले, "सांभाळ." मला साधी सायकलसुद्धा येत नव्हती!

भावोजींनी गाडीला भोंगा बसवला. काचेच्या इवल्याशा नळीत पाऱ्याचा थेंब. गाडी कलली की थेंब घरंगळून दोन तारा जोडतो आणि भोंगा सुरू. शिवाय सीटखाली चोरबटण. ते बंद असलं की ठिणगीच पडत नाही. मारा किती किका मारायच्या त्या.

"वैनी, चावीचं काय, कुलूप वाकडा खिळापण फिरवतो. गाडी ओरडलीपण पायजे आणि अडलीपण पायजे."

पण आमची आळी! तापलेल्या सीटवर आंब्याच्या साठांची, म्हणजे आंबापोळीची, ताटं वाळत पडायची. ताट फिरवताना गाडी हलली की भोंगा. सगळ्यांना त्याची सवयच झाली. त्यामुळे एका दुपारी भोंगा वाजून मध्येच तुटला, तेव्हा मी आतूनच ओरडले, "अगं बायांनो, ताट हळू फिरवा!"

बाहेर आले तर गाडी नाही. साठांची ताटं मात्र ओट्यावर नीट काढून ठेवलेली. मी रडतच भावोजींना हाका मारल्या. यजमानांना कुठल्या तोंडाने सांगणार?

भावोजी जेवायला घरी आले होते. उष्ट्या हातानेच धावत आले.

"रडू नका. चालू व्हायची नाय ती. म्हंजे चोर ढकलतोय. आणि ढकलणारा चढणीला कशाला जाईल? चला उताराकडं!"

उताराच्या टोकाला, ओढ्याच्या कडेला गाडी आडवी पडली होती. किका मारून मारून दमलेला चोर केव्हाच पसार. मी तिथेच बसले आणि हंबरडा फोडला. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. भावोजींनी बटण दाबलं. पहिल्याच किकेला सुरू!

भावोजी आता नाहीत. आठवतात ते असेच: मी मागे बसलेय, भोंग्याबरोबर हॉर्नचीही तार चोराने कापलेली, चढणीवर म्हशी आडव्या, आणि भावोजी हँडल धरून स्वतःच बोंबलतायत, "पोंऽऽ! पोंऽऽ! बाजू व्हा! वैनींची गाडी गावली होऽऽ!"